टॅबसोबतचा कीबोर्ड मराठीला पुरतो का?

टॅब आणि त्याला जोडायचा कीबोर्ड घ्यायला दुकानात गेलात, तर स्क्रीन पाहण्याआधी कीबोर्डवर 'ट' कुठे आहे ते पाहा. मग 'च', 'ड' आणि 'य' शोधा. शेवटी 'डॉक्टर' या शब्दातला 'ॉ' शोधा. ही पाच अक्षरे बोटांखाली नीट येत असतील तर पुढची चौकशी करा. येत नसतील, तर मराठीत लिहिणाऱ्याने तो कीबोर्ड तिथेच ठेवावा.

हे मी चूक करून शिकलो. पहिला छोटा टॅब घेताना मी वजन पाहिले, बॅटरी पाहिली, स्क्रीन पाहिली आणि समाधानाने घरी आलो. मराठीत पहिले पान लिहायला बसलो, तर 'टोमॅटो' लिहिताना दर वेळी ओळ तुटून खाली जाऊ लागली. 'ट'चे बटण इतके अरुंद होते की करंगळी शेजारच्या एंटरवर पडायची. संगमनेरात राहून शेतीबाजारावर लिहिणाऱ्याला टोमॅटो हा शब्द रोजचा. दोन महिन्यांत तो कीबोर्ड कपाटात गेला. तशी वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून हा लेख.

कोणाला उपयोगी, कोणाला नाही

दहा-अकरा इंची टॅब आणि त्याला चुंबकाने चिकटणारा, हवा तेव्हा सुटा करता येणारा कीबोर्ड, असे हे साधन. कीबोर्ड काढला की वाचायची पाटी, लावला की छोटा संगणक. टॅब अर्धा किलोच्या आसपास असतो आणि कीबोर्डसकट एक किलोच्या आतबाहेर. ज्याच्या कामात वाचन, लेखन आणि फिरणे या तिन्ही गोष्टी आहेत, त्याच्या ते उपयोगाचे. यातली एखादी नसेल, तर दुसरे काहीतरी स्वस्त किंवा सोयीचे पडते.

गावोगावी फिरून बातमी लिहिणारा वार्ताहर, साकूर-घारगावच्या पठार भागातल्या शाळेत रोज जाणारे शिक्षक, न्यायालयात जाताना प्रकरणांच्या पीडीएफ सोबत नेणारे वकील, आठवणी लिहायला घेतलेल्या निवृत्त आजी किंवा आजोबा, घरून छोटा व्यवसाय सांभाळणारी ताई: यांना हा टॅब मनापासून सुचवावा.

अमृतवाहिनीसारख्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश घेतलेल्या मुलामुलींनी मात्र लॅपटॉपच घ्यावा. प्रोग्रॅमिंग आणि आराखड्यांची सॉफ्टवेअर छोट्या टॅबच्या आवाक्यातली नाहीत. दूध संस्थेच्या सचिवांनी संकलनाचा आणि पगाराचा हिशेब टॅबवर नेण्याचा विचार करण्याआधी, आपले सॉफ्टवेअर आणि वजनकाटा कशाला जोडला जातो ते पुरवणाऱ्याकडून लेखी विचारून घ्यावे. टॅलीवर काम करणाऱ्यांना विंडोज लागते. जमीन कसणाऱ्याला केवळ ई-पीक पाहणीसाठी टॅब नको. ते काम फोनवर होते आणि शेतात उभे राहून फोनच हाताळायला सोपा पडतो.

स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसणाऱ्यांना वेगळा सल्ला. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे आणि उत्तरे हाताने लिहायची आहेत. टॅब वाचनासाठी ठेवा आणि कीबोर्डाचे पैसे वह्या-पुस्तकांना लावा. तसेच महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची ३० किंवा ४० शब्दगतीची संगणक टंकलेखन परीक्षा द्यायची असेल, तर सराव पूर्ण आकाराच्या कीबोर्डावरच करा. छोट्या कीबोर्डावर बोटांना लागलेले अंतर परीक्षेच्या दिवशी चुकवते.

काही घरांत टॅब आधीच आलेला असतो. जेईई, नीट आणि सीईटीच्या तयारीसाठी नागपूरच्या महाज्योती संस्थेने इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या विद्यार्थ्यांना टॅब दिले आहेत. असा टॅब घरात असेल तर त्याच्या अटी वाचा आणि चालत असल्यास आधी फक्त कीबोर्ड जोडून पाहा. नवा टॅब घेण्याची गरजच उरणार नाही, असेही होऊ शकते.

तीन सेंटीमीटर कुठे जातात

पूर्ण आकाराच्या कीबोर्डावर एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर अंतर असते. आडव्या ओळीत अशा १५ बटणांची जागा धरलेली असते. १५ गुणिले १९ म्हणजे २८५ मिलिमीटर, साडेअठ्ठावीस सेंटीमीटर. दहा-अकरा इंची टॅबची लांबी असते २४ ते २६ सेंटीमीटर. म्हणजे निदान अडीच-तीन सेंटीमीटर जागा कमी पडते आणि ती कुठल्या तरी बटणांतून कापावी लागते.

कापाकापी बहुधा उजव्या कडेला होते. इंग्रजीत तिथे स्वल्पविरामाचे भाऊबंद आहेत: अर्धविराम, अवतरणचिन्ह, चौकोनी कंस, तिरक्या रेघा. इंग्रजी लिहिणाऱ्याला ही चिन्हे कमी लागतात, म्हणून ती बटणे अरुंद केली, खालच्या ओळीत ढकलली किंवा दुसऱ्या बटणासोबत दाबायला ठेवली तरी त्याचे फारसे बिघडत नाही.

मराठीचे बिघडते. भारतीय लिप्यांसाठी ठरलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजने असतात. भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१च्या मानकात ही मांडणी आहे. तिच्यात अर्धविरामाच्या बटणावर 'च' आणि शिफ्टसह 'छ' येतो. अवतरणचिन्हावर 'ट' आणि 'ठ', उघडत्या चौकोनी कंसावर 'ड' आणि 'ढ', तिरक्या रेघेवर 'य' आणि उलट्या तिरक्या रेघेवर 'ॉ'. इंग्रजीला क्वचित लागणारी ही बटणे मराठीच्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात लागतात. षष्ठीचे 'चा, ची, चे, च्या' काढले तर मराठी वाक्य उभे राहील का?

म्हणून इंग्रजीत लिहून 'उत्तम कीबोर्ड' असा शेरा देणाऱ्यांचे मत आपल्याला अर्धेच लागू पडते.

यातून दोन वाटा निघतात. पहिली, मोठा टॅब. मायक्रोसॉफ्टचा सरफेस गो सुमारे साडेचोवीस सेंटीमीटर लांबीचा, तर सरफेस प्रो जवळपास २९ सेंटीमीटरचा. बारा-तेरा इंची टॅबवर पूर्ण मापाची बटणे बसतात, छोट्यावर बसत नाहीत. मोठा टॅब जड आणि महाग पडतो, पण रोज दोन-चार पाने मराठी लिहिणाऱ्याने तो पाहावाच. दुसरी वाट, उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारी पद्धत. तिच्यात ए ते झेड एवढीच बटणे लागतात, त्यामुळे उजव्या कडेचा जाच उरत नाही. ज्यांचा हात इन्स्क्रिप्टवर किंवा जुन्या टंकलेखन यंत्राच्या मांडणीवर बसलेला नाही, त्यांनी छोटा टॅब खुशाल घ्यावा आणि उच्चारानुसार लिहावे.

दुकानात दहा मिनिटे

दुकानदाराला आधीच सांगा की कीबोर्ड जोडून मराठी लिहून पाहायचे आहे. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. टॅब काउंटरवर ठेवा, बसायला स्टूल मागा आणि हे वाक्य लिहा:

टोमॅटोच्या दुसऱ्या तोड्याआधी कृषितज्ज्ञांनी काळ्या मळ्यातल्या झाडांची पाहणी केली आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखी औषधांची यादी लिहून दिली.

या एका वाक्यात उजव्या कडेची ती पाचही अक्षरे येतात. 'दुसऱ्या'मधला 'ऱ्य' आणि 'कृषितज्ज्ञ'मधले 'ज्ञ' हेही येतात. इन्स्क्रिप्टमध्ये 'ऱ' हा 'र'च्याच बटणावर शिफ्टसह असतो आणि 'ज्ञ' वरच्या अंकांच्या ओळीत ५ वर शिफ्टसह. वाक्य तीनदा लिहा. पहिल्यांदा चुका होणारच. तिसऱ्यांदाही त्याच जागी होत असतील, तर दोष तुमच्या बोटांचा नाही.

लिहिताना आणखी काही गोष्टी पाहा. इंग्रजीतून मराठीत आणि परत जायला किती बटणे दाबावी लागतात? विंडोजवर विंडोज बटण आणि स्पेसबार एकत्र दाबले की भाषा बदलते. अँड्रॉइड टॅबवर खास सावध राहा. स्क्रीनवरच्या कीबोर्डाने मराठी लगेच उमटते, पण बाहेरून जोडलेल्या कीबोर्डाने उमटेलच असे नाही. ते टॅबच्या आवृत्तीवर आणि अॅपवर अवलंबून असते. 'घरी गेल्यावर सेटिंग करून घ्या' या शब्दावर विसंबू नका. सेटिंग दुकानातच करून घ्या.

बटणांवर देवनागरी अक्षरे सहसा छापलेली नसतात. त्यासाठी चिकटपट्ट्या मिळतात. नवशिक्याने त्या लावाव्यात आणि महिन्याभरात बोटांना सवय झाली की काढून टाकाव्यात.

कीबोर्ड कसा जोडला जातो

जोडणीचे दोन मुख्य प्रकार. पहिल्या प्रकारात टॅबच्या कडेला किंवा पाठीवर पितळी रंगाचे काही ठिपके दिसतात. कीबोर्ड तिथे चिकटला की त्यातूनच त्याला वीज मिळते. हा प्रकार जास्त भरवशाचा: वेगळे चार्जिंग नाही, जोडणी शोधत बसणे नाही. फक्त तो कीबोर्ड त्याच टॅबचा असतो. टॅब बदलला की कीबोर्डही बदलावा लागतो.

दुसरा प्रकार ब्लूटूथचा. तो स्वस्त असतो आणि आज टॅबला, उद्या फोनला जोडता येतो. मात्र त्याला स्वतःची बॅटरी असते, ती वेगळी चार्ज करावी लागते, आणि काही वेळ न वापरल्यास तो झोपी जातो. मग पहिली दोन-तीन अक्षरे गळतात.

एक युक्ती खरेदीच्या आधीची. घरातला साधा यूएसबी कीबोर्ड ओटीजी जोडणीने फोनला किंवा असलेल्या टॅबला लावा आणि आठ दिवस त्यावर खरे काम करा. जोडणी अगदी थोड्या पैशांत मिळते. आठ दिवसांत दोनदाच कीबोर्ड वापरला असेल, तर हजारो रुपये वाचले असे समजा. रोज वापरला असेल, तर निश्चिंतपणे दुकानात जा.

विंडोज, अँड्रॉइड की आयपॅड

सुटा होणारा कीबोर्ड लोकांच्या नजरेत भरला तो मायक्रोसॉफ्टने २०१२मध्ये सरफेस आणल्यावर. आपल्याकडे त्याच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०११मध्ये, विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त 'आकाश' टॅब जाहीर झाला होता आणि पुढे आयआयटी मुंबईने त्यावर बरेच काम केले. सात इंची स्क्रीनवर वाचता येई, पण लांब लेखन होत नसे. वाचायचे साधन आणि लिहायचे साधन यांतला फरक तेव्हाच लक्षात आला होता. आज निवड करताना तोच फरक डोळ्यासमोर ठेवा.

विंडोजचा टॅब म्हणजे पूर्ण संगणक. इन्स्क्रिप्ट आणि उच्चारानुसार, दोन्ही मराठी कीबोर्ड त्यात येतात. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन, टॅली, जुने प्रिंटर यांसाठी तोच हवा. पण प्रोसेसर कुठला ते विचारा. स्नॅपड्रॅगनसारख्या एआरएम प्रोसेसरवर चालणाऱ्या विंडोज टॅबची बॅटरी छान टिकते, तरी टोकन आणि जुन्या प्रिंटरची सॉफ्टवेअर त्यावर अडू शकतात. सरकारी कागदांवर डिजिटल सही करणाऱ्यांनी आपला टोकन दुकानात नेऊन लावून पाहावा.

अँड्रॉइडचा टॅब स्वस्त, हलका, वाचायला उत्तम. मराठीत बोलून लिहिण्याची सोय त्यावर चांगली चालते. आधी बोलून मजकूर उतरवायचा, मग कीबोर्डाने दुरुस्त्या करायच्या, अशी सवय लावली तर लेखन झपाट्याने होते. आयपॅड टिकाऊ आहे आणि त्याला अनेक वर्षे अपडेट मिळतात, पण कंपनीचा कीबोर्ड महाग असतो. टॅब आणि कीबोर्ड यांची किंमत एकत्र धरूनच तुलना करा.

एक सूचना जुन्या फायलींबद्दल. श्रीलिपी, कृतिदेव किंवा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रे टॅबवर उघडली की देवनागरीऐवजी अगम्य चिन्हे दिसतात. फाइल बिघडलेली नसते. तो फॉन्ट टॅबमध्ये नसतो. संस्थेचे अहवाल, लग्नपत्रिकांचे मजकूर, जुने ठराव आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि यापुढचे सारे लेखन युनिकोडमध्येच करा.

कोणते आकडे पाहायचे

विंडोज असेल तर ८ जीबी रॅम आणि १२८ जीबी साठवण यांच्या खाली जाऊ नका. विंडोज ११ची किमान अट ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण ही आहे, पण तेवढ्यावर टॅब सुरू होतो, काम रखडते. अँड्रॉइडला लिहिण्या-वाचण्यापुरती ६ जीबी रॅम पुरते.

जुना टॅब घेणाऱ्यांनी ही तारीख लक्षात ठेवावी: १४ ऑक्टोबर २०२५. त्या दिवशी विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. २ जीबी रॅम आणि ३२ जीबी साठवण असलेले दहा वर्षांपूर्वीचे कीबोर्डवाले टॅब बाजारात अगदी कमी किमतीत दिसतात. त्यांवर विंडोज ११ चढत नाही. बँकेचे व्यवहार आणि सरकारी लॉगिन अशा टॅबवर करणे धोक्याचे. ते स्वस्त दिसले तरी घेऊ नका.

सिमचा टॅब घ्यायचा की फक्त वाय-फायचा? फोनचे हॉटस्पॉट सगळीकडे सोबत असेल तर वाय-फायचा पुरे. पण फक्त वाय-फायच्या काही टॅबमध्ये जीपीएस नसते. नकाशा किंवा जागेची नोंद लागणारे काम असेल तर विचारून घ्या. ओटीपी फोनवरच येणार, तेव्हा फोन जवळ ठेवावाच लागतो.

वीज, धूळ आणि एसटी

छोट्या टॅबचा मोठा गुण भारनियमनात दिसतो. ८,००० एमएएचची टॅब बॅटरी म्हणजे सुमारे ३० वॉट-तास. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत ३७ वॉट-तास असतात, पण वीज देताना बराच भाग वाया जातो. हिशेब केला तर टॅब पाऊण भागापर्यंत भरतो. बहुतेक लॅपटॉपना एवढ्याशा पॉवर बँकेचा उपयोग होत नाही. वस्तीवर लाइट कधी येते-जाते याचा भरवसा नसणाऱ्यांना हा मोठाच आधार. मात्र विंडोज टॅब साध्या चार्जरवर चार्ज होतो की ठरावीक वॉटचाच लागतो, ते डब्यावर पाहा.

उन्हाळ्यात टॅब मोटारीत ठेवून जाऊ नका. बंद गाडीतली उष्णता लिथियम बॅटरीचे आयुष्य खाते, आणि तापलेला टॅब लगेच चार्जला लावणे त्याहून वाईट. जोडणीचे ठिपके आठवड्यातून एकदा कोरड्या सुती फडक्याने पुसा. तळेगाव दिघे, निमोणच्या बाजूची उन्हाळी धूळ बारीक असते. ती ठिपक्यांवर बसली की कीबोर्ड मधेच बंद पडल्यासारखा वाटतो.

प्रवासाचे बोलायचे तर, पाठीमागे पाय उघडून उभा राहणारा टॅब टेबलावर छान, मांडीवर अवघड. कीबोर्डाच्या पुढच्या कडेपासून मागच्या पायापर्यंत वीतभराहून जास्त सपाट जागा लागते. पुण्याला जाणाऱ्या एसटीत तीन-चार तास मिळतात खरे, पण चंदनापुरीच्या घाटात मांडीवरचा टॅब डोलू लागतो आणि स्टँडची कड पायाला रुतते. बसमध्ये कीबोर्ड काढा, वाचन करा, पेनाने टिपणे घ्या. लेखन मुक्कामाला पोहोचल्यावर. ज्यांना मांडीवरच लिहायचे आहे, त्यांनी बिजागरीचा, ताठ उभा राहणारा कीबोर्ड शोधावा.

पैसे देताना

कीबोर्ड बहुधा वेगळा विकला जातो. जाहिरातीच्या छायाचित्रात तो टॅबसोबत दिसला तरी डब्यात आहे का, ते उघडून पाहा. बिलावर टॅब आणि कीबोर्ड या दोन्हींची वेगळी नोंद आणि अनुक्रमांक घ्या, कारण दोन्हींची हमी वेगळी असू शकते. दुरुस्ती केंद्र संगमनेरात आहे, की नाशिक, पुणे किंवा अहिल्यानगरला जावे लागेल, हे पैसे देण्याआधी विचारा. तीन वर्षांनी याच टॅबचा सुटा कीबोर्ड मिळेल का, हेही विचारा. झिजतो आधी कीबोर्डच.

वस्तू सदोष निघाली आणि दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. बिल जपून ठेवले तरच तक्रारीला वजन येते.

पहिला महिना

घरी आणल्यावर रोज वीस मिनिटे एकच काम करा: त्या दिवशी काय घडले ते मराठीत लिहा. पहिल्या आठवड्यात गती बघू नका, बोटे योग्य बटणावर पडतात का तेवढे बघा. दुसऱ्या आठवड्यापासून स्क्रीनकडे पाहून लिहा. महिनाअखेरीस एक पान सलग लिहून पाहा. त्या वेळी बोटे 'ट' शोधत थांबली नाहीत, तर टॅब तुमचा झाला.

कीबोर्ड घडवणाऱ्यांनी उजवी कड कापली, कारण तिथे कुणाचे काही अडते असे त्यांना कुणी सांगितले नाही. आपले अडते. ते सांगायची आपली जागा म्हणजे दुकानाचा काउंटर. संगमनेरच्या प्रत्येक ग्राहकाने पैसे देण्याआधी मराठीत एक वाक्य लिहून पाहिले आणि न जमल्यास तो कीबोर्ड परत ठेवला, तर दुकानदार पुढच्या वेळी माल मागवताना तेच विचारील. तेव्हा दुकानात गेलात की स्टूल मागा, नीट बसा आणि लिहा.